तळाचा नळ

१

तीन नंबरची टाकी उतू गेली. दूध उतू जातं तशीच. दूध उतू गेलं तर शेगडी पुसावी लागते. इथे थोरला गेला.

थोरला म्हणजे दोन भावांतला थोरला. कारखान्यात दोघंही कामाला, म्हणून सगळे त्यांना थोरला आणि धाकटा असंच म्हणत. त्यांची खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी बाहेर निघत.

कारखाना तसा लहानच. रिफायनरीत कच्च्या तेलातून जे जे चांगलं ते काढून घेतलं की खाली घट्ट, चिकट, काळा गाळ उरतो. तो टँकरमधून इथे यायचा. इथे तो उबेत ठेवायचा, त्यातलं पाणी काढायचं, उकळतं तेल मिसळून पातळ करायचा. मग काही भट्ट्यांना जळण म्हणून जायचा, काही रस्त्याच्या डांबरात, आणि अगदीच उरलेली रेती विटांमध्ये. गाळाला इथे गाळ कुणी म्हणत नसे. ‘काळं’ म्हणत. काळं आलं, काळं तापलं, काळं गेलं. घरी कपडे धुणाऱ्या बायका त्याला आणखी बरंच काही म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुरक्षा खात्याकडून चौकशीला आलेल्या बाईंचा उजवा गुडघा दुखरा होता आणि खात्यात त्यांना मागून ‘टाचणी’ म्हणत. बाईंना ते माहीत होतं. “टाचणी बरी,” त्या म्हणायच्या. “निदान कागद एकत्र तरी धरते.”

“बाई, चहा?” मॅनेजरने विचारलं.

“घेईन. आधी टाकी बघते.”

“टाकीत बघण्यासारखं काय राहिलंय? सगळं बाहेर आलंय.”

ते खरंच होतं. टाकीच्या एका अंगाने काळं ओघळून थिजलं होतं आणि खालच्या नळासकट अर्धं अंगण त्याने गिळलं होतं. शिडीची बाजू मात्र बरीचशी कोरी होती.

“यात चौकशी करण्यासारखं काही नाहीच,” मॅनेजर म्हणाला. तो रात्ररात्र न झोपल्यासारखा दिसत होता, आणि तसा तो झोपलाही नव्हता. “तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडला की काय होतं, तुम्हाला सांगायला नको. इथे टाकीभर तेल. आत पाणी राहिलं आणि वर उकळतं तेल सोडलं, की पाण्याची वाफ होते, वाफ तेलाला उचलते आणि सगळं झाकणातून बाहेर येतं. म्हणून आमचा नियम आहे. तेल वर, पाणी खाली. आधी तळाचा नळ उघडायचा. पाणी असेल ते निघून जातं. काळं यायला लागलं की नळ बंद करायचा आणि ओरडायचं, ‘कोरडी!’ मग टाकीच्या छपरावरचा माणूस झाकण उघडतो आणि बॉयलरवाला चार नंबरमधलं उकळतं तेल सोडतो.”

“त्या दिवशी नळावर कोण होतं?”

“धाकटा.”

“आणि छपरावर?”

“थोरला.” मॅनेजरने टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. “धाकटा ओरडला, ते सगळ्यांनी ऐकलं. ओरडायला काय लागतं हो? नळाचं चाक घट्ट झालंय, फिरवायला जोर लागतो. केला कंटाळा. न उघडताच ओरडला. उघडला असता तर पाणी नसतं का आलं?”

धाकटा गोदामामागे एका उपड्या पिंपावर बसला होता. तिथेच राहत होता. वहिनीने दार लावून घेतलं होतं. थोरल्याचं लग्न झालं तेव्हा हा हाफ पँटमध्ये होता. आई नव्हती, वहिनीनेच वाढवला.

“मी नळ उघडला होता, बाई,” तो म्हणाला. दुसरं काही त्याला येतच नव्हतं जणू. “काळंच आलं. पाण्याचा थेंब नव्हता. मी वर बघून ओरडलो. दादाने हात केला.”

“पण पाणी तर होतं टाकीत.”

“होतं. ते मलाही कळतंय. पण नळातून आलं नाही.” त्याने तळवे पुढे केले. चाकाच्या कडा त्यांच्यावर अजून उमटलेल्या होत्या, पण तसे ठसे तर कुठल्याही दिवसाचे असू शकतात, हेही त्याला कळत होतं. त्याने हात मागे घेतले. “माझी नोकरी जाऊ दे. आत टाका मला. फक्त वहिनीला तेवढं सांगा, की भाऊजींनी नळ उघडला होता. माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल.”

बाई मनात जुळवत गेल्या. टाकीत पाणी होतं. पाणी तळाला असतं. तळाला नळ आहे. नळातून पाणी आलं नाही.

एक तर हा माणूस खोटं बोलत होता, नाहीतर पाणी.

२

बॉयलरमामा सगळ्या कारखान्याचे मामा होते. सख्खा भाचा त्यांना एकही नव्हता.

“माझ्यावर संशय आहे ना?” बाईंना बघताच ते म्हणाले. “घ्या, घ्या. घरात तर लग्नापासून घेतायत.”

“तसं नाही हो मामा. टाकीच्या पोटातून वाफेची नळी जाते ना?”

“जाते. काळं उबेत राहायला नको? गार झालं की दगड होतं ते.”

“ती नळी फुटली असेल तर वाफेचं पाणी टाकीत जाणार. नळ बंद झाल्यावर गेलं असेल.”

मामांचा चेहरा एकदम उतरला. थट्टा संपली. धाकटा सुटला तर फास आपल्या गळ्यात येतो, हे त्यांना समजलं, आणि तरीही ते उठले. “चला. बघूनच घेऊ. मला पण झोप नाही.”

नळीचं एक टोक बंद करून त्यांनी दुसऱ्या टोकाने वाफ भरली. घड्याळासारख्या तबकडीवर काटा चढला आणि थांबला. नळीला भोक असेल तर तो हळूहळू खाली येणार होता. दोघंही त्याच्याकडे बघत उभे राहिले, परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसे. चहा आला, गार झाला. काटा हलला नाही.

“हुश्श,” मामा म्हणाले, आणि लगेच त्यांना त्याची लाज वाटली. “पण मग पोरगा अडकला.”

“तुम्ही कुठे होतात तेव्हा?”

“इथेच, पंपापाशी. मीच तर तेल सोडलं.” त्यांनी बाहीने तोंड पुसलं. “जरा वेळ काही नाही. मग आधी पांढरं आलं, बाई. फस्सकन. थोरला त्यात दिसेनासा झाला. शिडीच्या अंगाला फेकला गेला. काळं मागून आलं, ते दुसऱ्या बाजूने गेलं.”

“पांढरं म्हणजे वाफ?”

“वाफ, पाणी, काय होतं ते. माझ्याही हातावर उडालं.” त्यांनी मनगट दाखवलं. चहाच्या आधणाने भाजावं तसं गुलाबी, सोललेलं.

बाई शिडीवर चढल्या. गुडघ्याने प्रत्येक पायरीला आपलं मत दिलं. छपरावर काही नव्हतं. उघडं झाकण, वाकलेला कठडा आणि कठड्याला अडकलेली चपलेची एक पट्टी.

खाली आल्यावर हात काळे झाले होते. सावलीत पाण्याचा पिंप होता आणि त्याच्या कडेला साबणाचा तुकडा. बोटाला चिकटलेला वाटाण्याएवढा गोळा बाईंनी नखाने काढला, तो पाण्यात पडला. पिंपाच्या तळाशी तसे आणखी बरेच गोळे एकमेकांना चिकटून बसले होते. साबण लावता लावता बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

काहीतरी खटकलं. काय, ते सापडेना. एखादं नाव ओठावर येऊन अडावं तसं झालं, आणि तेवढ्यात मॅनेजरने हाक मारली: अहवाल कधी मिळेल, टँकर फाटकाशी थांबलेत.

३

थोरल्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले कपडे, त्यांत पुरुषाचा एकही नाही.

“भाऊजींनी पाठवलं का तुम्हाला?” वहिनीने दारातच विचारलं.

“नाही. खात्याने.”

“मग या.”

तिने पाणी दिलं, खुर्ची पुढे केली, पंखा लावला. दुःखातही हात आपापली कामं विसरत नाहीत. मग ती समोर जमिनीवर बसली आणि बाईंनी न विचारताच बोलायला लागली.

“त्यांना शाळेत सोडायला मी जायचे. डोक्यातल्या उवा मी काढल्या. नापास झाले तेव्हा ह्यांनी हात उचलला, तर मध्ये मी पडले. आणि त्यांना एक नळ उघडायचा कंटाळा आला.”

“ते म्हणतात, उघडला होता.”

“मग पाणी कुठून आलं?” तिने बाईंकडे सरळ पाहिलं. “सांगा ना. तुम्ही शिकलेल्या आहात. आभाळातून आलं?”

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“ह्यांनीच शिकवलं त्यांना ते काम. ताटावर बसले तरी नळच. ‘वरून काय वाटेल ते दिसू दे, तळाचा नळ खोटं बोलत नाही.’ मी म्हणायचे, अहो, जेवू द्या त्यांना. तर म्हणायचे, त्याचा नळ चुकला तर छपरावर मी असतो.” ती थांबली. “हे त्यांना माहीत होतं. भाऊजींना. तरी.”

खरं तर बाईंनी इथे उठायचं होतं. पण वहिनी उठली, कपाटातून दवाखान्याची पिशवी काढून आणली आणि तिच्यातून एक शर्ट काढून मांडीवर पसरला.

“तुम्ही बाईमाणूस म्हणून दाखवते. दर आठवड्याला रॉकेलचा बोळा घेऊन मी ह्यांचे शर्ट घासायचे. कॉलर विरायची, डाग जायचा नाही. भांडणं व्हायची आमची डागांवरून. आणि हा बघा, शेवटच्या दिवसाचा. धुवायला काही ठेवलंच नाही त्यांनी. इतक्या वर्षांत एवढा स्वच्छ शर्ट मी त्यांच्या अंगात बघितला नव्हता.”

शर्ट फिका निळा होता. दोन्ही कफांना रोजचं थोडं काळं. बाकी पाठ, छाती, खांदे, सगळं साफ. नुसत्या पाण्यात बुडवून वाळवल्यासारखं.

बाईंनी तो उलटापालटा करून पाहिला, घडी घातली, परत दिला. जिना उतरताना मधल्या वळणावर त्या थांबल्या. एका हाताने कठडा धरला.

पाणी तळाला होतं म्हणता. तळाच्या पाण्याची वाफ झाली, तर ती वरच्या सगळ्या तेलाला ढकलत येणार. छपरावरच्या माणसाच्या अंगावर पहिल्यांदा काय पडणार? तेल.

मग तेलाने उतू गेलेल्या टाकीवर मेलेल्या माणसाच्या शर्टावर तेल का नाही?

४

बाईंचे वडील रहस्यकथा वाचत आणि शेवटचं पान आधी वाचत. बाई घरात शिरल्या की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

“कोण?”

“अजून नाही, बाबा.”

“बॉयलरवाला.”

“का?”

“माझ्या एकाही पुस्तकात बॉयलरवाला निघाला नाही. म्हणजे आता त्याची पाळी.”

बाई हसल्या. मग पलंगावर पाय लांब करून त्यांनी गुडघ्याला तेल लावलं. दुखण्याला त्याचा उपयोग नव्हता, पण चोळून घेतल्याचं गुडघ्याला बरं वाटे. हात धुवायला त्यांनी बादलीत बुडवले. पाण्यावर तेलाचे गोल गोल तवंग पसरले, दिव्याखाली चमकले, कडेला जाऊन चिकटले.

बाई हात बाहेर काढायच्या विसरल्या.

तवंग वर. तेल आहे ते, वरच राहणार. दुधावर साय असते तसं. लहानपणापासून सगळ्यांना माहीत असतं, इतकं माहीत असतं की त्याबद्दल कुणी विचारत नाही.

आणि पिंपातला तो वाटाण्याएवढा गोळा खाली गेला होता. सरळ तळाला. तिथे त्याचं सगळं गोत आधीपासून बसलेलं होतं.

“काळं पाण्यापेक्षा जड आहे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

म्हणजे टाकीत काळं खाली बसलेलं, पाणी त्याच्यावर तरंगणारं, आणि पाण्यावर काळ्यातून सुटून आलेल्या हलक्या तेलाचा पातळ, काळाच पापुद्रा. झाकणातून बघितलं तर काळं. तळाचा नळ उघडला तर काळं. पाणी मधोमध लपून. मग वरून उकळतं तेल आलं. आधी उडालं ते पाणी, म्हणून ‘आधी पांढरं’. म्हणून मामांचं सोललेलं मनगट. म्हणून तो शर्ट.

धाकट्याने नळ उघडला होता. नळाने पाणी दाखवलं नाही, कारण पाणी त्याच्याकडे आलंच नव्हतं.

“सापडला का?” बाबांनी पुस्तकातून डोकं काढलं.

“कुणी नाही सापडलं, बाबा,” बाई म्हणाल्या. “पाणी सापडलं.”

५

केमिस्टची खोली ऑफिसच्या मागे होती. त्याला दमा होता, त्यामुळे खिडक्या कायम बंद आणि टाक्या त्याने लांबूनच पाहिलेल्या. वर्षानुवर्षं इथे असून बूट स्वच्छ असलेला हा एकच माणूस.

“पाणी नेहमीच असतं टँकरमध्ये,” तो म्हणाला. “मी प्रत्येक टँकर तपासतो. किती पाणी, किती माती, काळं किती जड.”

“हल्ली किती जड येतं?”

“बरंच. रिफायनरीवाल्यांनी नवीन भट्टी बसवलीय ना. पूर्वी सोडून द्यायचे तेही आता पिळून घेतात. आपल्याकडे निव्वळ चोथा येतो.”

“पाण्यापेक्षा जड?”

केमिस्ट काचेची नळी पुसत होता. तो पुसतच राहिला.

“मी विचारतेय.”

“किंचित,” तो म्हणाला. “किंचितच जड.”

“कुणाला सांगितलंत?”

“मॅनेजरसाहेबांना. ते म्हणाले, जड आहे तर बरं, डांबराला चांगलं.”

“टाकीवर कुणाला सांगितलंत?”

“ते माझ्या खोलीत येत नाहीत. मी टाकीवर जात नाही.” मग त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. त्याने नळी खाली ठेवली. “बाई, मला नळ कुठे आहे ते माहीतच नव्हतं हो. म्हणजे, तळाला असतो हे ऐकून होतो. पण मी कधी... जड म्हणजे एक आकडा असतो. मी तो काढतो आणि पुढे पाठवतो. त्या आकड्याखाली कुणी उभं असतं, असं मनात आलं नाही.”

बाईंना त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याला सगळं माहीत होतं, फक्त नळ माहीत नव्हता. थोरल्याला सगळं माहीत होतं, फक्त काळं बदललं हे माहीत नव्हतं. मध्ये एक अंगण होतं.

तेवढ्यात त्याच अंगणातून हाक आली. कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं:

“कोरडी!”

बाई उठल्या आणि पळाल्या. दुखरा गुडघा, चप्पल, पदर, सगळं मागून आलं. एक नंबरच्या टाकीच्या छपरावर एक माणूस झाकणाला हात घालत होता. पंपापाशी मामांनी चाक धरलं होतं.

“सोडू नका!” बाई किंचाळल्या. “मामा, सोडू नका तेल! खाली ये रे तू!”

मामांचे हात चाकावरच गोठले. छपरावरचा माणूस गोंधळून खाली बघत राहिला. “अहो बाई, कोरडी आहे. आत्ताच नळ बघितला.”

बाईंनी त्याला लांब दांडीचं डबडं घ्यायला लावलं. “वरचा पापुद्रा बाजूला कर, आणि त्याच्याखालचं काढ.”

त्याने डबडं आत सोडलं, वर घेतलं, तिथूनच ओतलं. अंगणात सगळ्यांच्या पायाशी ते पडलं आणि उन्हात लखलखलं.

पाणी.

गोदामाच्या कोपऱ्यावर धाकटा उभा होता. तो त्या ओल्या डागाकडे बघत होता. मग तो वाकला, दोन बोटं त्या पाण्यात बुडवली आणि शर्टाला पुसली.

६

“सुटलो,” असं धाकटा म्हणाला नाही. तो म्हणाला, “वहिनीला दाखवाल?”

मॅनेजरने त्या दिवशी सगळ्या टाक्या बंद ठेवल्या. वाईट माणूस नव्हता तो. पण फाटकाबाहेर टँकरची रांग वाढत होती आणि रिफायनरीचा फोन वाजत होता.

“आम्ही दुसऱ्यांची घाण निस्तरतो, बाई,” तो म्हणाला. “आमची निस्तरायला कोण येणार? मी टाकीला वर नळ बसवतो. मधे बसवतो. उद्या ते आणखी काही नवीन करतील आणि काळं पुन्हा हलकं होईल, तेव्हा?”

“तेव्हा केमिस्ट टाकीवर जाईल.”

“दमा आहे त्याला.”

बाईंनी वही मिटली.

बाईंनी खात्यात मोठ्या साहेबांना फोन केला आणि सगळं पायरीपायरीने सांगितलं. साहेबांनी मध्ये न बोलता ऐकलं. ते हुशार होते. एकदाच सांगून त्यांना कळलं.

“छान,” ते म्हणाले. “फार छान काढलंत. मग दोषी कोण?”

“काळं बदललं ते रिफायनरीने कळवलं नाही.”

“जड पाठवलं हा गुन्हा नाही. करारात ‘गाळ’ लिहिलंय, त्यांनी गाळ दिला.”

“केमिस्टने मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरने...”

“म्हणजे केमिस्टने सांगितलं. त्याचं काम झालं. आणि मॅनेजर केमिस्ट नाही. त्याला काय कळणार?”

“साहेब, धाकट्याने नळ उघडला होता. एवढं तरी सिद्ध आहे.”

“आहे ना. मग तो सुटला.” पलीकडे साहेबांची खुर्ची करकरली. “छपरावर कोण होतं म्हणालात? सगळ्यांत अनुभवी माणूस. झाकण उघडून त्याने पापुद्र्याखाली बघायला हवं होतं. तुम्हाला सुचलं, त्याला का नाही?”

“तो मेलाय, साहेब.”

“तेच म्हणतोय मी. बाई, माणूस गेलाय, तर कुणाचं तरी नाव लागणार. नळावरचा नाही, तर छपरावरचा. दोघांतलं एक लिहा. परवा मला अहवाल हवा.”

बाईंनी फोन ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट कळली होती. खरं शोधून काढता येतं. ते ठेवायला जागा मात्र कुठेच नसते.

घरी बाबांनी विचारलं, “शेवटी कोण?” बाई म्हणाल्या, “तुमचं पुस्तक वाचा.”

७

वहिनीने पातेलं दिलं. बाईंनी ते पाण्याने भरून जमिनीवर ठेवलं, तेलाच्या बाटलीतून चमचाभर तेल त्यात सोडलं. ते वर पसरलं.

“हे तुम्हाला माहीत आहे,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी कागदाच्या पुडीतून काळ्याचा गोळा काढून पाण्यात टाकला.

तो खाली गेला. तळाला टेकला. वहिनी बघत राहिली. बाईंनी तिला टाकी सांगितली, पापुद्रा सांगितला, मधलं पाणी सांगितलं, शर्ट सांगितला. वहिनीने एकदाच विचारलं, “म्हणजे तळाला नळ उघडला, तर काळंच येणार?”

“काळंच येणार.”

दाराबाहेर जिन्यावर धाकटा उभा होता. बाईंनीच त्याला बरोबर आणलं होतं. आत यायला कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून तो उंबऱ्यापलीकडे थांबला होता, भिंतीला टेकून, शाळेत उशीर झालेल्या मुलासारखा.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पातेल्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. इतके दिवस ती रागाला धरून उभी होती. उठायला, स्वयंपाक करायला, पंखा लावायला तोच उपयोगी पडत होता. आता तो बाईंनी काढून घेतला आणि त्याच्या जागी हे पातेलं ठेवलं.

“मग चूक कुणाची?” तिने विचारलं.

“तशी कुणाचीच नाही. किंवा सगळ्यांची थोडी थोडी.”

“असं कुठे लिहितात का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. खोटं बोलावंसं वाटलं, पण समोर ते पातेलं होतं. “नाव लागतं. धाकट्यांचं आता लागणार नाही. त्यामुळे वरचे साहेब म्हणतात, छपरावर जे होते त्यांचं लिहा. त्यांनी बघायला हवं होतं म्हणे.”

वहिनीने पदर मुठीत घेतला आणि सोडला.

“बाई.” जिन्यावरून धाकटा बोलला. आवाज अगदी साधा होता, पाणी मागावं तसा. “माझं लिहा.”

“अहो, पण तुम्ही...”

“मी नळ उघडला नव्हता. चाक घट्ट होतं. कंटाळा केला. तसाच ओरडलो.” तो भिंतीपासून सरळ झाला. “दादाचं नाव नका लावू. माझंच आहे ते. आधीपासून माझंच होतं.”

हेच एक वाक्य त्याला सगळ्या जगात कुणाकडून तरी खोटं ठरवून हवं होतं. आता ते तो स्वतः म्हणत होता, आणि म्हणताना बाईंकडे नाही, वहिनीकडे बघत होता.

वहिनीने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने त्याला नीट पाहिलं: वाढलेली दाढी, गोदामाची धूळ, तोच शर्ट. बाईंना वाटलं, ही आता गप्प राहील. गप्प राहिली तर नवरा वाचतो. फक्त गप्प राहायचं.

“उघडला होता,” वहिनी म्हणाली.

“वहिनी, नाही...”

“गप बसा हो भाऊजी. मोठे झालात म्हणून मला शिकवता?” तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. “उघडला होता त्यांनी, बाई. तुम्ही सिद्ध केलंत, मी बघितलं. ह्यांचं लिहा. ह्यांना आता काय होणार आहे?”

बाईंनी पेन काढलं नाही.

“आत या,” वहिनी म्हणाली. “चपला बाहेर. काळं लागलंय.”

धाकटा आत आला. कुठे बसावं ते न कळून दाराशीच बसला, गुडघ्यांत डोकं घातलं. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि तो हुंदके देत होता.

वहिनीने डोळे पुसले आणि कामाला लागली, कारण जमिनीवर पातेलं पडलेलं होतं. तिने ते उचललं. वर तेलाचा तवंग, खाली काळा गोळा, मधलं पाणी अगदी नितळ. मोरीपर्यंत गेली आणि थांबली. मोरी तुंबेल. खिडकीशी गेली. खाली मुलं खेळत होती. पातेलं तसंच दोन्ही हातांत धरून ती मागे वळली.

“बाई,” तिने विचारलं, “हे आता टाकायचं कुठे?”